गुडघ्याचं लिगामेंट: नुसती फिजिओथेरपी, की सोबत पीआरपी?

एमआरआयमध्ये गुडघ्याचं लिगामेंट (हाडांना हाडं बांधून ठेवणारा पट्टा) ‘ग्रेड २’ किंवा ‘अर्धवट फाटलेलं’ असं आलं, ऑपरेशन लागणार नाही असंही सांगितलं गेलं, की हा प्रश्न समोर येतो: नुसते व्यायाम करायचे, की सोबत पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेटचं इंजेक्शनही घ्यायचं? पुढचं सगळं अशाच गुडघ्याबद्दल. गुडघा मध्येच अडकत असेल, चालताना निसटत असेल किंवा दोन लिगामेंट एकदम दुखावली असतील, तर आधी सर्जनला दाखवा. पूर्ण तुटलेली टोकं इंजेक्शनने जोडली जात नाहीत.

गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, एमसीएल, सांध्याच्या पोकळीबाहेर असतं आणि त्याचा रक्तपुरवठा चांगला असतो. त्याच्या ग्रेड १ (नुसतं ताणलेलं) आणि २ च्या दुखापती बहुतेक वेळा बिजागरीचा ब्रेस आणि व्यायाम यांवरच जुळून येतात. तिथे पीआरपीने आणखी काय साधायचं, हे मला तरी पटलेलं नाही. एसीएलचं, म्हणजे सांध्याच्या मधोमध असलेल्या लिगामेंटचं, दुखणं चिवट, कारण सांध्यातल्या द्रवात रक्ताची गुठळी टिकत नाही. पण तिथेही व्यायामाची बाजू लंगडी नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात ‘आधी व्यायाम, गरज पडली तर ऑपरेशन’ या गटातल्या सुमारे ६० टक्के लोकांना पहिल्या दोन वर्षांत ऑपरेशन लागलं नाही, आणि दोन वर्षांनंतरचा त्रास या गटात आणि लगेच ऑपरेशन केलेल्या गटात जवळपास सारखाच होता.

माझं मत ठरवलं ते इंजेक्शननंतरच्या पंधरवड्याने. दंडातून साधारण २० ते ६० मिली रक्त काढतात, यंत्रात फिरवतात आणि त्यातून ३ ते ६ मिली प्लेटलेटयुक्त भाग गुडघ्यात देतात. नंतर दोन-तीन दिवस, कधी आठवडाभर, गुडघा ठणकतो, सुजतोही. हे अपेक्षितच असतं. पण आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात, म्हणून साधारण आठवडाभर आधीपासून नंतरच्या दोनेक आठवड्यांपर्यंत त्या बंद. हाताशी उरते पॅरासिटामॉल. (हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती मनाने थांबवू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारा.) आणि दुखऱ्या, सुजलेल्या गुडघ्यात मांडीचा पुढचा स्नायू आखडता हात घेतो. जोर लावायची इच्छा असली तरी मज्जातंतूंकडूनच त्याला पूर्ण आदेश जात नाही. कष्टाने जागा केलेला स्नायू पुन्हा ढिला पडतो. दोन-तीन इंजेक्शनांचा कोर्स असेल तर दर वेळी हेच. आणि त्यानंतर करायचे असतात ते व्यायाम तेच!

ते व्यायाम असे. पहिलं लक्ष्य वाकवणं नव्हे, पूर्ण सरळ करणं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली सैल सोडा. मग गुंडाळी गुडघ्याखाली घेऊन मांडी आवळा, पाच सेकंद धरा. दहा वेळा, दिवसातून तीन-चार वेळा. सरळ पाय उचलताना गुडघा किंचित जरी वाकला, तरी पुढच्या पायरीवर जाऊ नका. सूज उतरली की अर्ध्याहून कमी वाकून बैठका, १० ते २० सेंमी उंच पाटावर चढ-उतर, एका पायावर तीस सेकंद तोल. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर आदल्या दिवसाचं प्रमाण निम्मं करा. उकिडवं बसणं सगळ्यात शेवटी.

फिजिओथेरपी फसते ती दोन ठिकाणी. एक, रोज जाऊन फक्त आयएफटी (यंत्राने दिलेला विजेचा सौम्य प्रवाह) आणि शेक घेऊन परत येणं; यंत्राने दुखणं निवतं, ताकद येत नाही. दुसरं, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुखणं थांबलं की व्यायामही थांबवणं. दर पंधरा दिवसांनी वाटीच्या वर १० सेंमीवर दोन्ही मांड्यांचा घेर मोजा. फरक उरला असेल तोवर काम बाकी आहे.

पीआरपी निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. दहा-बारा आठवडे व्यायाम मनापासून झाला, स्नायू भरला, तरी एमसीएलच्या वरच्या टोकाशी बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, तर विचार करायला हरकत नाही. स्टेम सेलच्या जाहिरातींपासून मात्र दूर राहा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गुडघ्याच्या लिगामेंटसाठी ते उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देता येत नाहीत.

इंजेक्शन घ्यायचंच ठरलं तर ते सोनोग्राफीत सुई बघत द्यायला सांगा. तयार केलेल्या भागात प्लेटलेट किती आणि पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, हे कागदावर लिहून घ्या, कारण प्रत्येक ठिकाणी हे वेगळं असतं. आणि फिजिओची पुढची तारीख त्याआधीच ठरवून ठेवा.