निफाडची थंडी: जीएफएसचं ऐकावं की युरोपियनचं?

डिसेंबर-जानेवारीत हे ठरलेलंच. अमेरिकेचं जीएफएस हे हवामान मॉडेल निफाडचा पारा 6 अंशांवर आणतं, युरोपियन मॉडेल 10 च्या खाली यायला तयार नसतं, आणि द्राक्षबागायतदार मोबाइलकडे बघत बसतो.

आठवड्यापलीकडचा जीएफएसचा एकटा आकडा मी तरी धरत नाही. ते दिवसातून 4 वेळा चालतं, 16 दिवसांपर्यंत दाखवतं. पण सकाळच्या फेरीतली कडाक्याची थंडी संध्याकाळी गायब! खरा खेळ पश्चिमी झंझावाताचा, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्याचा. तो उत्तरेतून पुढे सरकला की त्याच्यामागून कोरडे, गार वारे खाली उतरतात. त्याची वेळ किंवा वाट थोडी चुकली, की इकडचा अंदाज कोलमडला. यात युरोपियन एकंदरीत सरस. शिवाय त्याच्या समूह अंदाजात, म्हणजे सुरुवातीची स्थिती किंचित बदलत तेच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवून काढलेल्या अंदाजांत, 51 रेषा असतात. बहुतेक एकत्र खाली झुकल्या तर तयारीला लागावं, पंख्यासारख्या फाकल्या तर दोन दिवस थांबावं.

पहाटेच्या किमान तापमानात मात्र दोघंही कच्चे. मॉडेल नकाशाचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाला एकच आकडा देतं. जीएफएसचा चौकोन सुमारे 13 किलोमीटरचा, युरोपियनचा 9 चा. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गार हवा गोदाकाठच्या सखल बागेत साचते. ती एवढ्या मोठ्या चौकोनात दिसणार कशी? तिथे दोन-तीन अंश वजा करूनच आकडा वाचावा. मण्यांत पाणी भरत असेल तर पहाटे ठिबक सोडायची आणि शेकोट्यांची तयारी ठेवावी, मग ॲप काहीही म्हणो.