इनर चाइल्ड वर्कशॉप (ऑनलाइन, स्टुडंट्ससाठी): ३ स्टार

नाव देत नाही, पण युनिव्हर्सिटीच्या पोरांसाठी असे वर्कशॉप सध्या खूप निघालेत म्हणून लिहितेय. इनर चाइल्ड म्हणजे आपल्या आत अजूनही असलेलं लहानपणीचं मूल. आयडिया तशी जुनीच, सायकिअॅट्रिस्ट एरिक बर्नच्या पेरेंट-अॅडल्ट-चाइल्ड मॉडेलवर (प्रत्येकात पालक, मोठं माणूस आणि लहान मूल असे तीन भाग असतात, ही कल्पना) बराच भाग होता आणि तो समजावला छान.

सगळ्यात भारी म्हणजे लहानपणीच्या स्वतःला पत्र लिहायचं. आधी वाटलं काय हा फिल्मीपणा, पण लिहायला बसलं की कळतं, प्रेझेंटेशनच्या आधी डोक्यात जो आवाज 'तुला जमणारच नाही' म्हणतो तो बऱ्याचदा लहानपणी कोणाकडून तरी ऐकलेलाच असतो आणि आता त्याला शांतपणे उत्तर देता येतं.

सेल्फ एस्टीम मोजायला रोझेनबर्ग स्केल दिली, १९६५ची, १० वाक्यं. त्यातली ५ निगेटिव्ह, त्यांचे मार्क उलटे मोजायचे असतात, हे ट्रेनरनी सांगितलंच नाही! मग कोणाचा स्कोर काय आला देव जाणे. आणि शेवटी स्कोर वाढला तर तो वर्कशॉपमुळेच कशावरून, परीक्षा संपली तरी वाढतो की.

खटकलं ते म्हणजे सगळ्यांसमोर लहानपणीचा वाईट प्रसंग सांगायला लावणं. ज्याच्यासोबत खरंच मारहाण वगैरे झालीये त्याची जखम उघडायची आणि वेळ संपली की मीटिंग बंद? नंतर बोलायला काउन्सेलर पण नाही.

नुसता कॉन्फिडन्स कमी असेल तर करा. झोप उडालीये, स्वतःला इजा करायचे विचार येतायत असं असेल तर सरळ सायकॉलॉजिस्ट किंवा सायकिअॅट्रिस्टकडे जा, हे नको. रेकॉर्डिंग मिळत नाही.