डिस्कस माशाच्या मातीच्या नावाखाली चुनखडी विकली मले, २४,४४० रुपये गेले, सावध राहा

राजेहो, लिहू का नको असं चाललं होतं, कारण गावात आधीच "मासेवाला" म्हणून हसतात. पण ज्यानं मला फसवलं त्याच माणसाच्या स्टेटसवर आता झिंग्यासाठी "इम्पोर्टेड सॉइल" दिसली अन् डोकं फिरलं.

स्कीम काय होती ते सांगायची गरज नाही. इमू पक्ष्यांची पाहिली, कडकनाथ कोंबड्यांची पाहिली, तसंच. डिस्कसची ब्रीडिंग जोडी घ्या, आमची माती घ्या, पिल्लं आम्ही ८० रुपये नगानं उचलू. बायबॅकवर माझा विश्वास नव्हताच हे आधी सांगून ठेवतो, मला मासे हवे होते. गप्पी, एंजल मी कित्येक वर्षं ठेवतो आहे. आमच्या वणीकडं बोअरचं पाणी इतकं जड की पातेल्यात उकळलं तर तळाला पांढरा थर बसतो, डिस्कसला ते चालत नाही, त्याला मऊ अन् थोडं आम्ल पाणी लागतं. म्हणून माती घेतली. ॲक्टिव्ह सॉइल म्हणजे भाजलेल्या मातीचे गोळे, ते पाण्यातले कार्बोनेट ओढून पीएच (सातच्या खाली आम्ल, वर अल्कली) साडेसहाच्या आसपास धरतात, वर्ष दोन वर्षांत दम संपतो तेव्हा बदलायचे. ही गोष्ट खरीच आहे. माल खोटा होता.

हिशेब: ९ लिटरच्या ४ थैल्या २,८५० प्रमाणे ११,४००, जोडीचे ९,५००, "रजिस्ट्रेशन"चे २,०००, ट्रॅव्हल्सचं पार्सल ६४०. सगळं यूपीआयवर, पावती नाही, मागितली तर म्हणे "जीएसटी लागंन भाऊ, तुमचंच नुकसान".

आता ती थैली फोडली तो क्षण. आजही आठवला की स्वतःच्या तोंडात मारावी वाटते. टँकमध्ये ओतली तर काचेवर खडखड आवाज. सॉइल हलकी असते, चिमटीत दाबली की भुगा होतो, हे मला माहीत होतं. हे कण टोकदार, जड, बोटात रुतणारे, अन् त्यानं सांगितलं होतं की दोन पाण्यानं धुवून घ्या. सॉइल कोणी धुते काय? धुतली तर चिखल होते! मी धुतली, पाणी काळं निघालं, बोटं संध्याकाळपर्यंत काळी, घरची म्हणाली हे मेंदीसारखं काय लावलं. मी तिला म्हटलं, इम्पोर्टेड आहे. पण मी तरी काय करणार, ९,५०० ची जोडी बादलीत वाट पाहत होती, तिला ठेवू कुठं? त्यानं मासे अन् माती एकाच गाडीनं पाठवले ते याच्याचसाठी, विचार करायला टाइमच द्यायचा नाही.

आरओचे जार आणून भरले, पीएच ६.८. पीएच मोजायचा पेन मीटर ६.८६ च्या पावडरच्या पाण्यावर तपासून जुळवून घेतलेला होता, म्हणजे मीटरची चूक नव्हती. आठवडा भरायच्या आत ८.१. फोन केला तर म्हणे टँकची सायकल होऊ द्या, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू बसू द्या, सुरवातीला पीएच वाढते. मला पटलं, कारण नवीन सॉइल सुरवातीला अमोनिया सोडते हे मी वाचलेलं होतं, पण पीएच ती पहिल्या दिवसापासून खालीच नेते. मग त्यानं "पीएच डाऊन"च्या २ बाटल्या गळ्यात मारल्या, ९०० रुपये. रात्री टाकलं की ६.९, सकाळी पुन्हा ८. टाकलेलं आम्ल दगड खाऊन टाकत होता अन् दगड विरघळून पाणी आणखी जड होत होतं. ह्या वरखाली होण्यानं मासा थकतो. त्यात टँक नवा, अमोनिया होताच, आणि पीएच सातावरून आठावर गेला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. मादी आधी काळी पडली, कोपऱ्यात उभी राहून कल्ले जोरजोरात मारत होती. दोन्ही गेले.

पुतण्या बीएस्सीला आहे. त्यानं अंगणात बशीत चार कण ठेवून संडास धुवायचं ॲसिड टाकलं अन् बशी फसफसली. "काका, हे त चुनखडी आहे, काळा रंग मारलेली." हा आमचा सगळा वणी-कोरपना पट्टा चुनखडीचा, सिमेंटचे कारखाने त्याच्यावरच चालतात, अन् मी तोच दगड नागपूर रोडनं पार्सल भाडं भरून मागवला!

तुम्ही हे थैली फोडल्याबरोबर करा. ॲसिड नको तर व्हिनेगर चालते, फक्त हळू बुडबुडे येतात, नीट पाहावं लागते. फसफसलं तर ती खडी गप्पी, मोली, नाहीतर आफ्रिकेच्या मलावी सिक्लिडला वापरा, त्यांना आवडते. साधी क्वार्ट्झची वाळू, काळ्या बेसॉल्टची गिट्टी पीएचला हात लावत नाही, स्वस्तही पडते. शिंपले असलेली नदीची रेती मात्र नको. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, डिस्कसची पिल्लं काढणारे लोक टँकच्या तळाशी बहुतेक काहीच टाकत नाहीत, नुसती काच ठेवतात, साफ करायला सोपं. ब्रीडिंगसाठी माती विकणारा तिथंच ओळखा.

ठाण्यात गेलो. साहेबानं विचारलं, "खायाचे मासे का पाळाचे?" बाजूचा शिपाई हसला. मग म्हणे तुम्ही सोताहून पैसे पाठवले, माल भेटला, सिव्हिल मॅटर आहे, सायबरला जा. सायबरवाले म्हणे ओटीपी गेला का? नाही? मग ठाण्यात जा. ठाण्यात म्हणे दगडाचा लॅब रिपोर्ट आणा, लॅबवाले म्हणे पोलिसांचं पत्र आणा. मासे मेले त्याचा पंचनामा करा म्हटलं तर एकानं सरळ विचारलं, भाजून खाल्ले का नाही. एका सरकारी ऑफिसात तर बाबू अर्ज हातात घेऊन जेवणाच्या सुट्टीवर निघून गेला, अर्ज घेऊन, अन् परत आल्यावर अर्ज त्याच्याकडं नव्हता. गरीब माणूस तक्रार करते तेव्हा साले सगळे कायद्याचे प्रोफेसर होतात.

शेवटी ग्राहक आयोगात टाकलं. ५ लाखापर्यंतच्या मालाला फी नाही, विकणारा कुठलाही असो, केस आपल्याच जिल्ह्यात करता येते, वकीलही लागत नाही. हे मला एकाही खुर्चीवरच्या माणसानं सांगितलं नाही. पैसे पाठवल्याबरोबर शंका आली तर आधी सायबर फसवणुकीचा १९३० नंबर लावा, मालाची वाट पाहू नका. आणि ज्यांच्याकडं तशा काळ्या थैल्या आल्या असतील त्यांनी रागात नालीत फेकू नका, दोन मुठी थैलीसकट बांधून ठेवा, चॅट डिलीट करू नका, अन् मला सांगा, तक्रारी चार झाल्या तर तोच साहेब खुर्ची देते.