मेशटास्टिक: सत्तरीतला एक पावसाळा काढल्यानंतर

दुकानदाराशी पैशांवरून वाजलं म्हणून लिहायला बसलोय. राग दुकानावर आहे, रेडिओवर नाही, हे आधीच सांगतो. मेशटास्टिक म्हणजे टॉवर आणि इंटरनेट नसताना छोट्या रेडिओंनी एकमेकांमार्फत निरोप पोचवायची फुकट प्रणाली. तो रेडिओ ज्या सर्किट बोर्डावर असतो, त्याला मी पाटी म्हणतो. पाटी आणि बॅटरी एकाच ऑनलाइन दुकानातून, एकाच खोक्यात आली. बॅटरीच्या पिनेतल्या लाल-काळ्या वायरी पाटीवर छापलेल्या अधिक-उण्याच्या नेमक्या उलट. जोडल्याबरोबर चार्जिंगचा भाग तापला आणि पाटी गेली. फोन केला तर उत्तर आलं, "साहेब, डेव्हलपमेंट बोर्डाला वॉरंटी नसते." अहो, पाटी तुमची, बॅटरी तुमची, दोन्ही एकमेकांसाठी म्हणून तुम्हीच विकलेल्या! फोटो पाठवून, भांडून, शेवटी बॅटरीचे तेवढे पैसे आले. पाटीचे बुडाले. या छोट्या पिनांच्या वायरींचा क्रम सगळे कारखाने एकसारखा ठेवत नाहीत, तेव्हा बॅटरी कुठूनही घ्या, आधी मल्टीमीटर लावा. शंभर-दोनशेचा मीटर हजारो रुपये वाचवतो.

आमचं घर गोव्यात, सत्तरी तालुक्यात वाळपईजवळ, आणि कुळागर (सुपारी-नारळाची बाग) टेकडीपलीकडे वहाळाच्या (ओढ्याच्या) काठाला. पावसात वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरची बॅटरीही संपते आणि मोबाइल मुका होतो. जुलै २०२१ मध्ये म्हादईला पूर आला, सत्तरीत घरं पडली. तेव्हापासून बाबा पलीकडे आणि आम्ही अलीकडे अशी वेळ आली की आईच्या जिवाला घोर लागतो. त्यासाठी हा खटाटोप.

आता सेटिंग्ज. रीजन, म्हणजे आपला देश-प्रदेश, निवडल्याशिवाय पाटी हवेत काहीच सोडत नाही. यादीत भारताचं 'आयएन' आहे, म्हणजे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ. पाटी ८६८ची मागवा. ४३३ची थोडी स्वस्त मिळाली तरी इथे तिचा उपयोग नाही. अँटेना घट्ट बसवल्याशिवाय वीज द्यायची नाही, नाहीतर रेडिओची चिप जळू शकते. प्रीसेट, म्हणजे वेग आणि पल्ला ठरवणारी तयार सेटिंग, सगळ्या पाट्यांवर एकच हवा.

एक गोष्ट मात्र फारसं कोणी सांगत नाही. 'लाँग फास्ट' या प्रीसेटला २५० किलोहर्ट्झची रुंदी लागते, म्हणजे आपल्या २ मेगाहर्ट्झमध्ये ८ जागा बसतात. त्यातली कुठली वापरायची हे प्रायमरी, म्हणजे पहिल्या, चॅनेलच्या नावावरून ठरतं. घरच्यांसाठी म्हणून प्रायमरीचं नाव बदललं की फ्रिक्वेन्सीही सरकू शकते, आणि मग आजूबाजूच्या इतर पाट्या ऐकूच येत नाहीत. म्हणून प्रायमरी आहे तशी राहू द्या आणि घरचं चॅनेल दुसऱ्या क्रमांकावर, निरोप गुप्त ठेवणाऱ्या स्वतःच्या २५६ बिटच्या किल्लीसह जोडा. प्रायमरीची मूळ किल्ली जगजाहीर आहे, तेव्हा तिच्यावरून स्वतःचं ठिकाण पाठवणं बंद ठेवा.

इथपर्यंत सगळं नीट. खरी तक्रार आहे शॉर्ट नेमची.

यादीत, नकाशावर, पाटीच्या स्क्रीनवर प्रत्येक नोड (जाळ्यातली एकेक पाटी) ओळखायचा तो याच नावाने, आणि त्याला जागा किती? ४ बाइट. रोमी लिपीत चार अक्षरं बसतात. देवनागरीत प्रत्येक अक्षराला ३ बाइट लागतात, काना-मात्रेचे वेगळे ३. म्हणजे 'घर' झालं ६ बाइटचं आणि बसत नाही. 'आई' बसत नाही. 'बाबा' तर १२. बसतं काय? एक सुटं अक्षर. घराला 'घ', डोंगरावरच्या पाटीला 'ड', बाबांना 'ब'. पंपाजवळच्या पाटीला 'प' दिलं, तर धाकट्या भावाचं नावही प-वरूनच. मग आकडा जोडायला गेलो. 'प' आणि इंग्रजी एक मिळून बरोबर ४ बाइट, बसलं. 'प' आणि देवनागरी '१' मिळून ६, नाही बसलं. आणि हसऱ्या तोंडाचा इमोजी? त्याला ४ बाइट लागतात, तो आरामात बसतो. जगभरच्या लोकांनी उत्साहाने उभं केलेलं, फुकट दिलेलं हे काम. त्यात माकडाचं तोंड मावतं आणि 'आई' मावत नाही, हे मला पटलेलं नाही.

निरोपाचंही गणित तेच. मर्यादा साधारण २०० बाइटची. 'पाणी वाढलं, पंप बंद कर' एवढ्याला ५६ बाइट जातात. तेच रोमीत लिहिलं तर २६. बाबा मराठीच लिहिणार, त्यांना रोमीत टाइप करा म्हणून मी सांगणार नाही. शिवाय पाटीच्या छोट्या स्क्रीनवर देवनागरी उमटत नाही, खुणांची रांग दिसते. फोन ब्लूटूथने जोडला की निरोप व्यवस्थित वाचता येतो. म्हणजे बाबांच्या खिशात पाटी आणि फोन दोन्ही हवेत, आणि भर पावसात दोन्ही कोरडे राहायला हवेत. माझ्या मते पाचातले दोन तारे इथेच गेले.

हे सगळं भर पावसात लिहून ठेवलं होतं. चवथ झाली, आता पुढचं लिहितोय, आणि काही मतं बदललीत.

पहिलं मत पल्ल्याचं. मेशटास्टिकच्या नोंदीत ३३१ किलोमीटरचा विक्रम आहे. तो बघून कोणी घेत असेल तर थांबा, मधे डोंगर नसतो तेव्हाचे हे आकडे. आमच्याकडे मधे टेकडी, तिच्यावर काजू आणि ओली झाडी. आषाढात मला वाटत होतं की 'लाँग स्लो' हा संथ प्रीसेट लावल्याशिवाय गत्यंतर नाही. त्यात निरोप हवेत फार वेळ रेंगाळतो, आणि दोन पाट्या एकदम बोलल्या की दोन्हींचं वाया जातं. माथ्यावरच्या चिऱ्याच्या कड्याला लांब बांबू बांधून पाटी काजूंच्या शेंड्यांवर नेली आणि 'लाँग फास्ट' पुरेसा झाला. सेटिंगपेक्षा उंची मोठी. आमच्या पाडेल्याने (नारळ पाडणाऱ्याने) तो बांबू असा आवळलाय की वादळातही हलला नाही. पेटी साधी, वायरमन वापरतात ती प्लॅस्टिकची जंक्शन पेटी. पाणी शिरलं नाही, तांबड्या मुंग्या शिरल्या. वायरीच्या भोकात सिलिकॉन भरल्यावर थांबल्या.

रोलबद्दल, म्हणजे पाटीने जाळ्यात कुठलं काम करायचं त्याबद्दल, मत तेच आहे. उंचावरची पाटी दिसली की प्रत्येकाला 'राउटर' लावावंसं वाटतं. लावू नका. राउटर निरोप पुढे पाठवायला इतरांच्या आधी सरसावतो. जागा खरोखर चहूकडे मोकळी नसेल तर चांगल्या जागेवरची पाटी त्याच्यामुळे गप्प बसते आणि एक हॉप (एका पाटीवरून दुसरीवर उडी) फुकट जातो. आमच्या माथ्यावर 'क्लायंट'च आहे आणि काम चोख चालतंय. घरात दोन-तीन पाट्या असतील तर खिशातल्यांना 'क्लायंट म्यूट' द्या, म्हणजे त्या इतरांचे निरोप पुढे पाठवत नाहीत. हॉप लिमिट ३ राहू द्या, ७पर्यंत वाढवता येतं म्हणून वाढवू नका.

दुसरं बदललेलं मत विजेचं. जळालेली पाटी ईएसपी३२ चिपची होती. तशीच दुसरी घेऊन बघितली: ब्लूटूथ चालू ठेवून एका १८६५० सेलवर दुसरा दिवस धड निघत नाही, आणि श्रावणात सोलर पॅनेलला सूर्य मिळतोच कुठे! माथ्यावर एनआरएफ५२८४० चिपची लावली. महाग पडली, माझ्या जिवावर आलं, पण ढगाळ आठवडाही ती निभावून नेते. घरी, चार्जरजवळ, ईएसपी३२ उत्तम. माथ्यावर तिचे पैसे वाया जातात.

आणि आनंदाची गोष्ट, जिच्यासाठी मी एक तारा परत दिला. २.५ आवृत्तीपासून रिमोट ॲडमिन, म्हणजे दुरून सेटिंग्ज बदलणं, सोपं झालंय. घरच्या पाटीची पब्लिक की (उघड किल्ली) डोंगरावरच्या पाटीच्या सिक्युरिटीत ॲडमिन की म्हणून घालायची, आणि ती पाटी वर चढवण्यापूर्वीच घालायची. ऐन पावसात, वाटेवर जळवा असताना, मी ओसरीवर बसून माथ्यावरच्या पाटीचा जीपीएस बंद केला, ठिकाण कायमचं भरलं, टेलिमेट्री (बॅटरी वगैरेची माहिती) पाठवण्यामधला वेळ वाढवला. सेव्ह दाबलं, पाटी रीबूट झाली, क्षणभर यादीतून गेल्यासारखी वाटली, आणि मग 'ड' पुन्हा हजर. आईने विचारलं, "चालू आहे ना रे?" पलीकडून बाबांचा निरोप आला: 'ऐकू येतंय'.

एक सांभाळा. फर्मवेअर (पाटीतला प्रोग्रॅम) पूर्ण पुसून चढवलं तर पाटीची खाजगी किल्ली जाते, नवी तयार होते, आणि बाकीच्यांकडे जुनीच राहिल्याने थेट निरोप अडतात. रिमोट ॲडमिनही गेलं, म्हणजे पुन्हा डोंगर चढणं आलं. आधी ॲपमधून सेटिंग्ज आणि किल्ल्या उतरवून घ्या.

आता चार तारे. वहाळाकाठच्या पंपासाठी आणखी एक पाटी घेणार आहे, एनआरएफचीच, दुसऱ्या दुकानातून. तिला नाव काय द्यायचं ते अजून ठरलेलं नाही. 'प' आधीच गेलंय.