जेन, डेव्हिड की पिप: आधी कुणाला वाचायचं?

व्हिक्टोरियन इंग्लंडमधलं एखादं पोरकं पोर मोठं कसं झालं, हे सांगणारी एकच कादंबरी मूळ इंग्रजीतून वाचायची, असं ठरवलं की निवड बहुधा तिघांवर येऊन थांबते. शार्लट ब्राँटीची ‘जेन एअर’ (१८४७), चार्ल्स डिकन्सची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ (१८४९-५०) आणि त्याचीच ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (१८६०-६१), म्हणजे पिपची गोष्ट. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ इथे मुद्दाम घेतलेली नाही. ऑलिव्हरवर बरंच काही गुदरतं, पण तो आतून बदलत नाही आणि पुस्तक संपतं तेव्हाही पोरच असतो.

पुढे कथानकातलं थोडंफार उघड होईल. जेन नोकरी करते त्या थॉर्नफील्ड वाड्याच्या माळ्यावर काय आहे आणि पिपचा उपकारकर्ता कोण, या दोन गोष्टी मात्र तशाच झाकून ठेवल्या आहेत.

तिन्ही कथा ‘मी’नं सांगितलेल्या आहेत, तिघेही मोठेपणी मागे वळून बोलतात. फरक त्या बोलण्याच्या सुरात आहे. जेन आपल्या लहानपणाची बाजू घेते. दहा वर्षांच्या पोरीला लाल खोलीत कोंडलं, त्याचा राग तिनं अजून सोडलेला नाही आणि तो तिला चुकीचाही वाटत नाही. डेव्हिड आपल्या लहानपणाकडे मायेनं बघतो. भाबडेपणाबद्दल स्वतःला माफ करून टाकतो. पिप स्वतःला माफ करत नाही. लहानग्या पिपनं आपल्याला वाढवणाऱ्या लोहार मेहुण्याची, ‘जो’ची, लाज धरली, आणि ती लाज किती क्षुद्र होती हे थोरल्या पिपला ठाऊक आहे. या दोन पिपांमधलं अंतर म्हणजेच ते पुस्तक. घाईनं वाचलं तर हे अंतर निसटतं आणि हाती नुसती रहस्यकथा उरते.

मोठं होण्याचा हिशोब या पुस्तकांत अक्षरशः पैशांत मांडलेला आहे, म्हणून पौंड-शिलिंगचं गणित आधी डोक्यात बसवावं: १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, २१ शिलिंगांची गिनी. जुने रुपये-आणे-पै माहीत असणाऱ्यांना हे जड जाणार नाही.

जेन लोवूडच्या शाळेत शिक्षिका असते तेव्हा तिला वर्षाला १५ पौंड मिळतात. थॉर्नफील्डला गव्हर्नेस, म्हणजे घरी राहून शिकवणारी शिक्षिका, म्हणून ३०. तिथून ती पहाटे निघून जाते तेव्हा गाठीला २० शिलिंग असतात. तेवढे गाडीवानाला देते, आणि तितक्या पैशांत जिथवर नेता येईल तिथे तो तिला उतरवतो. कपड्यांची गाठोडीही गाडीतच राहते. पुढे डुकरासाठी टाकायला काढलेली थंड लापशी ती मागून खाते. यानंतर काकाचे २०,००० पौंड तिच्या नावावर होतात आणि ती ते चौघांत सारखे वाटून स्वतःकडे ५,००० ठेवते. सोयीचा योगायोग म्हणून वाचक इथे नाक मुरडतात. पण जेनचा मुद्दा श्रीमंतीचा नाहीच. ‘आता मी कुणाच्या दयेवर नाही’ हे म्हणता येण्यापुरतं तिला हवं असतं, आणि त्याला किती पुरतं हे तिचं तीच ठरवते.

डेव्हिड जन्मला तेव्हा वडील जाऊन सहा महिने झालेले असतात. आई जाते तो शाळेत असताना. दहाव्या वर्षी सावत्र बाप त्याला लंडनच्या एका वखारीत बाटल्या धुवायला, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला धाडतो. पगार आठवड्याला सहा की सात शिलिंग, हे डेव्हिडलाही नीटसं आठवत नाही. हा भाग इतका जिवंत का, याचं कारण डिकन्सच्या चरित्रात सापडतं: १८२४ मध्ये, बाराव्या वर्षी, तो स्वतः बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात आठवड्याला सहा शिलिंगांवर राबला होता आणि वडील कर्जापायी तुरुंगात होते. वखारीतून पळून वडिलांच्या आत्याकडे, म्हणजे नात्यानं आजीकडे, डोव्हरला निघालेल्या डेव्हिडची पेटी आणि उसनी आणलेली अर्धी गिनी वाटेवर सुरुवातीलाच लुबाडली जाते. नऊ पेन्सना वेस्टकोट विकून तो पायी निघतो आणि पळाल्यापासून सहाव्या दिवशी पोचतो. पुढे ती आजी त्याच्या वकिली उमेदवारीसाठी १,००० पौंड भरते, मग तिचंच दिवाळं वाजतं, आणि डेव्हिड लघुलिपीचं पुस्तक विकत आणतो. किंमत १० शिलिंग ६ पेन्स, म्हणजे पुन्हा नेमकी अर्धी गिनी!

पिपच्या हाती पहिल्यांदा घबाड येतं ते गावातल्या श्रीमंत, एकाकी मिस हॅविशमच्या २५ गिन्यांचं, ‘जो’ लोहाराकडे उमेदवारी बांधून देण्यासाठी. मग कुणा अज्ञाताच्या पैशांवर तो लंडनला साहेब व्हायला जातो. एकविसाव्या वर्षी हातात ५०० पौंडांची नोट पडते आणि तेवढी रक्कम दरवर्षी ठरते. तरी कर्ज वाढतंच. मित्र हर्बर्ट पॉकेटबरोबर बसून तो कर्जांची यादी करतो, आकडा वरच्या गोल संख्येला नेऊन ‘मोकळी जागा’ सोडतो, आणि लगेच त्या मोकळ्या जागेपुरतं नवं कर्ज काढतो. क्रेडिट कार्डची मर्यादा वाढवून घेणाऱ्याला हे प्रकरण, चौतिसावं, चांगलंच झोंबेल. शेवटी एका जवाहिऱ्याच्या १२३ पौंड १५ शिलिंग ६ पेन्सच्या देण्यापायी त्याला धरायला माणसं येतात. ते देणं कोण फेडतं, हे वाचलं की पुस्तकाचा गाभा हाती येतो.

आता वाचनाचा व्यवहार. ‘जेन एअर’ ३८ प्रकरणांची, ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ५९. जाडी साधारण सारखीच, कारण पिपची कथा साप्ताहिकात येत होती आणि प्रकरणं आखूड आहेत. ‘डेव्हिड’ ६४ प्रकरणांची, पण शब्दसंख्येनं या दोघींपैकी कुठल्याही एकीच्या जवळजवळ दुप्पट. ती मासिक हप्त्यांत निघाली, एकेका हप्त्यात बहुधा तीन प्रकरणं. आजही आठवड्याला तीन प्रकरणं हा वेग तिला मानवतो. एका बैठकीत दहा-बारा उरकायला गेलात तर डेव्हिड लंडनला ज्यांच्याकडे राहतो त्या कर्जबाजारी मिकॉबर कुटुंबाच्या अडचणी विनोदी वाटण्याऐवजी कंटाळवाण्या होतील.

वाचक अडकतात त्या जागा ठरलेल्या आहेत. ‘डेव्हिड’ची पहिली १४ प्रकरणं इंग्रजी कादंबरीतल्या सर्वोत्तम पानांत मोडतात, त्यानंतर प्रौढ डेव्हिड स्वतःच्याच गोष्टीत फिका पडतो आणि त्याची प्रेयसी डोरा हिच्या लाडिक बोलण्यानं धीर सुटतो. तिथे सोडू नका. लग्नानंतर त्या दोघांचा संसार कसा विस्कटतो, ते डिकन्सनं फार नेमकं टिपलं आहे. ‘जेन’मध्ये अडखळण्याची जागा २८ ते ३५ ही प्रकरणं: थॉर्नफील्डचा मालक रॉचेस्टर, ज्याच्यावर तिचं प्रेम आहे, तो दूर, आणि समोर सेंट जॉन हा थंड, करारी पाद्री. जेननं आपली बायको होऊन हिंदुस्थानात धर्मप्रसाराला यावं म्हणून तो तिला हिंदुस्तानी शिकायला लावतो. बहीण म्हणून यायला ती तयार होते, बायको म्हणून नाही. रॉचेस्टरला दिलेल्या नकारापेक्षा हा नकार अवघड आहे, कारण इथे मोह नाही, दडपण आहे. संक्षिप्त आवृत्तीत हाच भाग आक्रसला तर जेनचं मोठं होणंच गाळलं गेलं असं समजा. पिपच्या गोष्टीत २२-२३ प्रकरणांतला हर्बर्टच्या पॉकेट कुटुंबाचा गोंधळ लांबतो. तेवढा रेटून न्या.

भाषेचा त्रास प्रत्येकीत वेगळा. ‘जो’ आणि पिपला सुरुवातीलाच भेटणारा पळालेला कैदी यांची बोली डोळ्यांना विचित्र दिसते, मोठ्यानं वाचली की उलगडते. डेव्हिडच्या दाईचं यारमथचं कोळी कुटुंब, पेगटी, त्यांचंही तसंच. लिब्रीव्हॉक्स या ध्वनिपुस्तकांच्या संकेतस्थळावर तिन्हींची फुकट ध्वनिमुद्रणं आहेत. जेनमध्ये तिची विद्यार्थिनी छोटी आदेल हिचं फ्रेंच आणि बायबलचे संदर्भ येतात, त्यासाठी टिपांची आवृत्ती बरी.

एकच वाचणार असाल तर आमचं मत पिपकडे. माणसं हाताशी धरून, हसत-रडत, दोन महिने मुक्काम करायचा असेल तर डेव्हिड. अर्ध्यावर पुस्तकं सोडायची सवय असेल, किंवा मुलीची गोष्ट मुलीच्या तोंडून हवी असेल, तर जेन. पहिल्याच प्रकरणात ती हातघाईवर येते. दोन्ही डिकन्स वाचायच्या झाल्या तर डेव्हिड आधी घ्या. नकळत पुनरुक्ती होऊ नये म्हणून पिप लिहिण्यापूर्वी डिकन्सनंही ‘डेव्हिड’ पुन्हा वाचून काढली होती.

विकत घेताना प्रकरणं मोजा: ३८, ६४, ५९. काही आवृत्त्यांत प्रत्येक खंडात आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात. मग जेनची बेरीज १५, ११, १२ आणि पिपची १९, २०, २० अशी यायला हवी. पिपच्या पुस्तकात मागे परिशिष्ट आहे का तेही बघा. डिकन्सनं पहिला शेवट कादंबरीकार मित्र बुल्वर-लिटनच्या सल्ल्यावरून बदलला, आणि तो मूळ शेवट पुढे डिकन्सचा मित्र जॉन फॉर्स्टरनं डिकन्सच्या चरित्रात छापला. आधी कादंबरीतला शेवट वाचा, एक-दोन दिवस जाऊ द्या, मग परिशिष्ट उघडा.