रिंगडाउन की शिखराची रुंदी? नॅनोरेझोनेटरचा क्यू मोजताना

नॅनोरेझोनेटर म्हणजे ठरावीक वारंवारतेला थरथरणारी अतिसूक्ष्म रचना, आणि क्यू म्हणजे तिचं कंपन किती सावकाश विझतं त्याचा गुणवत्तांक. तो काढायच्या दोन वाटा आहेत: ड्राइव्ह (कंपन चालू ठेवणारा सिग्नल) बंद करून कंपन विझताना पाहायचं (रिंगडाउन), किंवा वारंवारता सरकवत अनुनादाच्या शिखराची रुंदी घ्यायची. दोन्हींचं उत्तर एकच येणार असं गृहीत धरलं, की घात होतो.

क्लॅम्पमधून (रेझोनेटर धरून ठेवणाऱ्या आधारातून), पृष्ठभागावरच्या दोषांतून ऊर्जा निसटते तो ऊर्जाक्षय. डीफेझिंगमध्ये ऊर्जा कुठे जात नाही, वारंवारताच डगमगते. पृष्ठभागावर भटकणारे रेणू, आसपासच्या विद्युतभाराचा नॉइज किंवा इतर मोडची (त्याच रचनेच्या कंपनाच्या इतर प्रकारांची) औष्णिक कंपनं यांमुळे तसं होतं. शिखराची रुंदी या दोन्हींची बेरीज दाखवते. रिंगडाउन, नीट केलं तर, फक्त ऊर्जाक्षय.

फरक किती मोठा असू शकतो? कॅलटेकच्या गटाने २०२० मध्ये सुमारे ५ गिगाहर्ट्झच्या सिलिकॉन रेझोनेटरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ७ मिलिकेल्व्हिनला फोनॉनचं (कंपनाच्या ऊर्जेच्या एका पुंजाचं) आयुष्य जवळजवळ १.५ सेकंद, पण सुसंगती (कंपनाची ठरलेली लय) टिकली जेमतेम १३० मायक्रोसेकंद! नुसत्या रुंदीवरून क्यू काढला असता, तर तो हजारो पटींनी कमी आला असता.

ताणलेल्या सिलिकॉन नायट्राइडसाठी मी बेधडक रिंगडाउनच सुचवेन. १ मेगाहर्ट्झला क्यू दहा कोटी असेल तर रुंदी १० मिलिहर्ट्झ भरते. तापमान किंचित हललं तरी शिखर तेवढं सरकतं. रिंगडाउन मात्र १६ सेकंद आरामात चालतं. कार्बन नॅनोट्यूबचं उलट: १०० मेगाहर्ट्झ आणि क्यू १,००० असेल तर सगळं १.६ मायक्रोसेकंदात आटोपतं. तितकं जलद रीडआउट (कंपन टिपणारी यंत्रणा) नसेल, तर रुंदीच घ्यावी लागते. मग आलेला क्यू ‘किमान इतका’ एवढंच म्हणावं.

रिंगडाउनची एक खोच अशी की अनेक फेऱ्यांची सरासरी घेताना आधी सिग्नलचा वर्ग करा, मग सरासरी. उलट केलंत तर फेरीगणिक बदलणारे फेज (कंपन आपल्या आवर्तनात कुठे आहे ते) एकमेकांना खोडतात आणि टाळू पाहत होतात ते डीफेझिंगच आकड्यात घुसतं. लॉग आलेखावर सुरुवातीचा भाग वाकलेला दिसला तर तो अरेषीय डँपिंगचा (कंपन मोठं असताना जास्त होणाऱ्या ऊर्जाक्षयाचा) असू शकतो. सरळ शेपूटच फिट करा.

बलमापनासाठी रेझोनेटर हवा असेल तर औष्णिक बलाचा नॉइज ऊर्जाक्षयावर ठरतो, म्हणून रिंगडाउनचा आकडा बघा. वस्तुमान मोजायचं असेल तर वारंवारतेची स्थिरता महत्त्वाची, तिथे नुसता मोठा क्यू पुरत नाही. क्वांटम मेमरीसाठी दोन्ही मोजमापं एकाच तापमानाला, एकाच नमुन्यावर करावीत.