नऊ एमएमसाठी घरचं प्रोग्रेसिव्ह प्रेस: ५५०, ७५० की सिक्स पॅक प्रो?

दर शनिवारी रेंजवर जायचं, दीडशे गोळ्या झाडायच्या आणि पितळी पुंगळ्या वेचून घरी आणायच्या. माझ्या गॅरेजमध्ये अशा दोन बादल्या भरल्या तेव्हा सिंगल स्टेज प्रेसवर, म्हणजे दर ओढीला एकच काम करणाऱ्या यंत्रावर, त्या पुंगळ्यांत पुन्हा एकेक काडतूस भरत बसणं शक्यच राहिलं नाही. तेव्हापासून अमेरिकेतले नेमबाजीची आवड असलेले मराठी मित्र मला एकच प्रश्न विचारतात: प्रोग्रेसिव्ह घ्यायचंय, कोणतं घेऊ?

त्याआधी कायद्याचं बघा. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत, त्यामुळे हे सगळं अमेरिकेतल्या वाचकांसाठी आहे. इथे स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. राज्याचे नियम वेगळे असतात, ते स्वतः तपासा. आणि एच-वन-बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून तुम्हाला बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही केंद्रीय कायद्याची मनाई आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत थांबा.

आता यंत्र. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये हँडल एकदा ओढलं की प्रत्येक स्टेशनवरच्या पुंगळीवर एकेक काम होतं: जुना प्रायमर (ठिणगी देणारी तळाची टोपी) निघतो, पुंगळी मापात येते, नवा प्रायमर बसतो, बंदुकीची दारू पडते, वर शिशाची गोळी बसते, तोंड आवळलं जातं. सगळी स्टेशनं भरली की दर ओढीला एक तयार काडतूस. पिस्तुलाच्या पुंगळ्यांसाठी कार्बाइड डाय (डाय म्हणजे स्टेशनवर बसणारा, पुंगळीवर काम करणारा साचा) घ्या, म्हणजे वंगण लावायची कटकट वाचते.

सगळे वेगाचे आकडे विचारतात. मी विचारतो ते वेगळं: एखाद्या पुंगळीत दारू पडलीच नाही, किंवा दोनदा पडली, तर या यंत्रावर तुम्हाला ते कळेल कसं? नऊ एमएमची पुंगळी लहान असली तरी काही दारू इतक्या दाट असतात की एका मापाने निम्मी पुंगळीही भरत नाही. म्हणजे दुप्पट माप आत सहज मावतं आणि वर गोळीही नीट बसते. बाहेरून काहीही दिसत नाही.

कमी पडल्याचा अनुभव मी घेतलाय. तेव्हा माझ्याकडे एक जुनं, वापरलेलं प्रेस होतं. मध्येच फोन आला, मी उठलो, परत येऊन हँडल ओढायला लागलो. पुढच्या शनिवारी रेंजवर ‘धाड’ऐवजी नुसतं ‘फट्’ झालं. शेजारच्या लेनवरच्या काकांनी ‘थांब!’ म्हणून ओरडून माझा हात थांबवला. पिस्तूल रिकामं करून नळीत पितळेची सळई घातली, तर ती मध्येच अडली. गोळी आत रुतून बसली होती. पुढचा बार काढला असता तर नळी फुगली असती, कदाचित फुटली असती.

म्हणून तुलना इथूनच सुरू करतो.

डिलन कंपनीच्या आरएल ५५०-सीला चार स्टेशनं आहेत आणि शेलप्लेट (पुंगळ्या धरणारी फिरती चकती) बोटाने फिरवावी लागते. कंपनी तासाला ४०० ते ६०० काडतुसं सांगते. बोटाने फिरवणं हेच त्याचं बळ आणि हाच धोका. काही बिघडलं की तिथेच थांबून नीट बघता येतं, पण फिरवायला विसरलात तर त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडते. चौथं स्टेशन आवळायच्या डायला गेल्यावर दारू तपासायच्या डायला जागा उरत नाही, म्हणजे भरवसा तुमच्या डोळ्यांवर. मात्र नऊ एमएम, .३८ स्पेशल, .४५ अशी कॅलिबर बदलत राहणाऱ्याला याच्यासारखं यंत्र नाही. डाय टूलहेडमध्ये जुळवलेल्याच राहतात, अख्खं टूलहेड काढून दुसरं सरकवायचं.

डिलनचंच एक्सएल ७५० हे २०१९ मध्ये एक्सएल ६५०च्या जागी आलं. पाच स्टेशनं, प्लेट आपोआप फिरते, केसफीडर (पुंगळ्या आपोआप पुरवणारा भाग) लावला तर कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे तासाला ८०० ते १०००. मला त्यातलं तिसरं स्टेशन सगळ्यात मोलाचं वाटतं. तिथे पावडर चेक बसतो आणि माप चुकलं की बझर वाजतो. दोन्ही डिलनवर हँडल पुढे रेटताना प्रायमर बसतो, तो बसल्याचं तळहाताला कळतं. नाटोचा शिक्का असलेल्या पुंगळीत प्रायमरची जागा आवळलेली असते. तिथे हात अडतो, तेव्हा जोर लावू नका, ती पुंगळी बाजूला काढा. आणखी एक: केसफीडरला .३८० कॅलिबरची १७ मिलिमीटरची पुंगळी आणि आपली नऊ एमएमची १९ मिलिमीटर लांबीची यातला फरक कळत नाही. आधी निवडून घ्यावं लागतं. मी टीव्हीसमोर ताटलीत घेऊन बसतो, डाळ निवडल्यासारखं.

ली कंपनीचं सिक्स पॅक प्रो डिलनच्या निम्म्याच्या आसपास किमतीत सहा स्टेशनं देतं, म्हणजे दारू तपासायला जागा आहेच. प्लास्टिकचे भाग जास्त, जुळवाजुळव सतत. हातात पाना धरायला आवडणाऱ्याने जरूर घ्यावं. शनिवारी सकाळी यंत्र निमूट चालायला हवं असेल, तर नको.

हॉर्नडी कंपनीच्या लॉक-एन-लोड एपीची प्लेट अर्धी वर जाताना आणि अर्धी खाली येताना फिरते, त्यामुळे दारू कमी सांडते. पाच स्टेशनं, चांगलं यंत्र. प्रायमरची पट्टी मात्र वारंवार साफ ठेवावी लागते. डिलनच्याच स्क्वेअर डील बीचा विचार मी सोडून दिला, कारण त्याला त्याच्याच खास डाय लागतात आणि त्या दुसऱ्या कुठल्याही प्रेसवर चालत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. फक्त नऊ एमएम आणि महिन्याला पाचशेच्या वर असेल तर ७५०, आणि पावडर चेक पहिल्याच दिवशी, केसफीडर नंतर घेतला तरी चालेल. दोन-तीन कॅलिबर थोडी थोडी भरत असाल तर ५५०, जोडीला प्लेटवर थेट उजेड पाडणारा दिवा. पैसे कमी असतील तर सिक्स पॅक प्रो घ्या, पण वाचलेल्या पैशांतून चांगला वजनकाटा आणि लोडिंग मॅन्युअल आणा.

कोणतंही आणलंत तरी ते हलणाऱ्या टेबलावर बसवू नका, प्लेटला बसणाऱ्या हिसक्यात दारू सांडते. टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा ठेवा. आणि पहिली शंभर काडतुसं भरताना यंत्रात एका वेळी एकच पुंगळी फिरवा, दर दहाव्या मापाचं वजन करा, फोन घरात ठेवून या.